दीपगृहातले बाबा कुठे गेले

"हा काय, इथेच. दोन मिनिटं."

त्यानं रस्त्याच्या टोकाकडे बोट दाखवलं आणि इतका छान हसला, की छत्री नसतानाही मी भुरभुर पावसात चालू पडले. औषधाच्या दुकानाच्या पायरीवर तो उभा होता, छातीशी एक पुठ्ठ्याचा खोका धरून... आत तान्हं बाळ झोपलं असावं तसा. पत्ता विचारायला मला तोच सापडला. दोन मिनिटांची पाच झाली, पाचाची दहा. जुन्या दवाखान्यामागची ती इमारत सापडली तेव्हा वीस मिनिटं झाली होती, केसांतून पाणी निथळत होतं, आणि कोरडा राहिला होता तो फक्त बॅगेतला लॅपटॉप.

नजर कमी झालेल्या लोकांच्या घरी जाऊन त्यांचे फोन, टीव्ही, कॉम्प्युटर बोलके करून द्यायचे, हे माझं काम. म्हणजे पडद्यावर जे लिहून येतं ते यंत्रानं मोठ्यानं वाचायचं. एका लहानशा संस्थेत मी हे करते. लोक मला नावानं कमी आणि 'आवाजवाली' म्हणून जास्त ओळखतात.

दार उघडलं एका उंच, ताठ बाईंनी. त्यांनी माझ्याकडे सरळ पाहिलं नाही. मान जरा वळवून डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं.

"समोर उभी राहिलीस तर तू मला नुसता धूर," त्या म्हणाल्या. "माझ्या नजरेचं मधलं गेलंय, कडा शिल्लक आहेत. जरा बाजूला हो. हां, आता दिसलीस. भिजलीयेस की. टॉवेल आत दाराला आहे."

चाळीस वर्षं इस्पितळात नर्स होत्या त्या. आवाजात अजून तो वॉर्डातला हुकूम होता. सगळे त्यांना आत्या म्हणायचे, मीही दहाव्या मिनिटाला म्हणायला लागले.

आत्यांना एका परदेशी मालिकेचं वेड होतं. समुद्रकाठचं एक गाव, तिथलं दीपगृह, दीपगृह सांभाळणाऱ्या माणसाच्या तीन मुली. चाळीस भाग. बोलणं परक्या भाषेत आणि खाली मराठी ओळी. चित्र आत्यांना अर्धंमुर्धं कळायचं, पण अक्षरं वाचता येत नव्हती. त्यामुळे रोज संध्याकाळी त्यांचा भाचा शेजारी बसून ओळी वाचून दाखवायचा. सव्वीस भाग झाले होते. आता भाच्याला लांबच्या शहरात नोकरी लागली होती, महिन्याभरात तो जाणार होता. म्हणून मी.

"एक सांग," आत्या म्हणाल्या, "हे तुझं यंत्र जे लिहिलंय तेच वाचणार ना? पदरचं काही घालणार नाही?"

"यंत्राला पदर कुठला, आत्या? जे लिहिलंय ते. अक्षर न् अक्षर."

"वचन?"

"वचन."

तेवढ्यात कुलपात किल्ली फिरली, आणि तो पुठ्ठ्याचा खोका आत आला. खोक्यामागे तो.

त्यानं मला पाहिलं. माझ्या डोक्यावरचा आपल्या घरातला टॉवेल पाहिला.

"अरे... म्हणजे सापडलं घर."

"सापडलं की," मी म्हटलं. "दोन मिनिटांत."

त्याचे कान लाल झाले. "वीस सांगितली असती, तर पावसात निघालाच नसतात तुम्ही."

"आणि खोक्यात काय आहे? की तेही तुमच्या दोन मिनिटांसारखंच?"

"दात."

"कुणाचे?"

"अजून कुणाचेच नाहीत. उद्या एका हेडमास्तरांचे होतील."

तो कवळ्या बनवायचा. दातांच्या लॅबमध्ये. लहानपणी अखंड बडबड करायचा म्हणून आत्यांनी त्याचं नाव पोपट ठेवलं होतं, आणि तिशी आली तरी ते नाव सुटलं नव्हतं.

आवाज निवडायलाच पूर्ण संध्याकाळ गेली. पहिला आवाज ऐकून आत्या म्हणाल्या, "ही गाडी उशिरा येणार असल्याचं सांगतेय." दुसरा एका पुरुषाचा होता. "हा मला कर्ज देऊ करतोय." तिसरा गोड होता, फारच गोड. "हिला साखर झालीय, तपासा." चौथा जरा घोगरा, सावकाश, मधल्या वयाच्या बाईचा. आत्या तो गप्प बसून ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "ही रात्रपाळी करून आलीय. ही चालेल."

पण एक घोळ होता. 'जरा'मधला ज ती 'जेवणा'तल्या ज सारखा म्हणायची, आणि 'चमचा' म्हणताना तर ऐकवत नव्हतं.

"हिला दात नाहीत," पोपट गंभीर चेहऱ्यानं म्हणाला. "जीभ दातांमागे टेकल्याशिवाय तो च यायचाच नाही. माप घेऊ का?"

मी हसले. मग लक्षात आलं, की मी एकटीच हसतेय आणि तो नुसता बघतोय. मी घाईघाईनं लॅपटॉप मिटला.

असे शब्द हेरून त्यांचे उच्चार यंत्राला शिकवावे लागतात. त्यासाठी मी सत्ताविसाव्या भागाच्या ओळींची फाइल उघडली. कुठल्या सेकंदाला कोणती ओळ, असं सगळं त्यात ओळीनं लिहिलेलं असतं. गुरुवारी आत्यांच्या घरीच बसून मी ती वाचत होते, आणि आत्या मला आधीची गोष्ट सांगत होत्या.

"दीपगृहातले बाबा आजारी पडले होते दुसऱ्याच भागात. श्वास लागायचा. मग त्यांना उपचाराला मोठ्या शहरात नेलं. बरे झाले, आणि आता कुठल्याशा बेटावर हलकी नोकरी करतात. मुलींना पत्रं पाठवतात. हो ना रे?"

"हो तर," पोपट म्हणाला.

माझ्यासमोरच्या फाइलमध्ये तिसरी ओळ होती : *बाबा जाऊन आज वर्ष झालं.*

मी वर पाहिलं. आत्यांच्या खुर्चीमागे उभा राहून पोपट माझ्याकडे बघत होता. त्यानं हात जोडले होते.

"उच्चारांचं काम... जरा मोठं आहे," मी म्हटलं. "घरी नेऊन करते."

तो जिना उतरून माझ्यामागे आला. खालच्या पायरीवर, सायकलींच्या शेजारी बसून त्यानं सांगितलं. आतोबा—आत्यांचे यजमान—दोन वर्षांपूर्वी गेले. श्वास लागायचा त्यांना. त्यांनीच वाढवलं होतं पोपटला. वर्षभरानं आत्यांची नजर गेली. ही मालिका हातात आली तेव्हा कुठे त्या पुन्हा काहीतरी मागायला लागल्या होत्या. आणि दुसऱ्या भागात पडद्यावर तो म्हातारा... तसाच श्वास, तशीच उशांना टेकून बसायची तऱ्हा.

"ओळ आली, 'बाबा गेले.' माझ्या तोंडून आलं, 'बाबांना शहरात नेलं.' ठरवून नाही हो. आलं. मग सव्विसाव्या भागापर्यंत निभावत बसलोय. त्या मुली रडतात, मी म्हणतो कांदा चिरतायत. तिन्ही मुली, एकदम, किनाऱ्यावर."

मला हसू आलं, आणि लगेच दाबावं लागलं, कारण त्याला ते आलं नव्हतं.

"फाइल बदलता येते का?" त्यानं विचारलं. "उरलेले चौदाच भाग आहेत."

"येते. पण मी बदलणार नाही. त्यांना वचन दिलंय."

"बरं," तो म्हणाला, आणि पुढे काही बोलला नाही. पोपट नाव असलेला माणूस इतका गप्प बसलेला बघवेना. मी दोन दिवस तग धरला. शनिवारी फोन केला.

मग तीन रविवार संस्थेच्या मागच्या खोलीत आम्ही दोघं खोटं लिहीत बसलो. मी कीबोर्डवर, तो शेजारी, मध्ये चहाचे कप. ते काम वाटतं तितकं सोपं नव्हतं. एका वेळी दोनच ओळी मावतात, आणि पात्राचे ओठ मिटायच्या आत वाचून व्हायला हवं.

"'बाबांच्या थडग्यावर फुलं ठेवून आले.' हिचं काय करायचं?"

"'बाबांना फुलं पाठवून आले.'"

"बेटावर? फुलं? सुकतील."

"मग 'बिया पाठवल्या' म्हणा. माणूस हलकी नोकरी करतो, बागकाम करेल."

"तुम्ही फार सराईत आहात."

"आपण शेजारी बसून खोटं लिहितोय," तो म्हणाला. "निदान अहो-जाहो तरी सोडू या."

मी स्क्रीनवरून नजर हलवली नाही. "सोड मग."

तो 'सोड' खोलीत जरा वेळ तसाच राहिला. बाहेर कुणीतरी शटर ओढलं. त्यानं माझा कप उचलला, गार झालेला चहा ओतून दिला, गरम भरून आणला, आणि न बोलता माझ्या उजव्या हाताशी ठेवला. मी डावखुरी आहे. त्यानं तीन सेकंद माझ्या हातांकडे पाहिलं आणि कप डावीकडे सरकवला.

ताई घरी म्हणाली, "कुठल्या म्हातारीकडे ग इतक्या खेपा?" मी म्हटलं, "उच्चार फार अवघड आहेत." तीही माझी बहीण, फक्त "हं" म्हणाली.

बदललेले भाग सुरू झाले. घोगरी बाई न अडखळता सगळं वाचत होती, 'जरा'सुद्धा नीट म्हणत होती. पोपट जायला दहा दिवस उरले होते. मी शेवटची तपासणी करायला गेले, तर टीव्ही बंद होता आणि आत्या एकट्याच होत्या.

"बस," त्या म्हणाल्या. "यंत्र कधी चुकीचं वाचतं का?"

"उच्चार चुकतो कधी. मजकूर नाही."

"मग काल ती मधली मुलगी 'बिया पाठवल्या' म्हणाली, तेव्हा ती कुठे उभी होती?"

मी बॅगेतून लॅपटॉप काढता काढता थांबले.

"मला मधलं दिसत नाही. कडेचं दिसतं. कडेला दगड होते, ओळीनं उभे. प्रत्येकापुढे काहीतरी रंगीत. कबरस्तानात जाऊन बिया पाठवतात का ग?"

आत्यांचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं.

"पोपटाचं मला दुसऱ्याच भागात कळलं होतं. रडणं परक्या भाषेतलं असलं तरी रडणंच असतं. वॉर्डात चाळीस वर्षं ऐकलंय मी ते. कांदा चिरतायत म्हणे."

"मग तुम्ही त्याला काही बोलला नाहीत?"

"हे गेल्यावर तो पोरगा जेवणापुरतं बोलायचा. डोळ्याला पाणी नाही. सगळं सामान आवरलं, कागदपत्रं केली, माझी औषधं लावली... आणि गप्प. त्या दीपगृहातल्या म्हाताऱ्याला जिवंत ठेवायला लागला, तेव्हा बोलायला लागला. बोलू दिलं. त्याचं खोटं त्याच्या तोंडातून येत होतं, त्याचा हात माझ्या हातात असायचा. ते मला चालत होतं." त्यांनी मान वळवली, मला कडेच्या नजरेत घेतलं. "पण यंत्र मी मागितलं ते खरं ऐकायला. तो जाणार. मग मी आणि यंत्र. त्यावरही विश्वास ठेवायचा नसेल तर मी कुणाला विचारू, बाई?"

"मी दुरुस्त करते. आत्ता—"

"आज नको. आज तू जा."

मी तडक लॅबमध्ये गेले. भिंतभर फळ्या, फळ्यांवर प्लास्टरचे जबडे, सगळे उघडे. त्यांच्या मधोमध पोपट, बारीक कानशीनं एक दाढ घासत. मी सगळं सांगितलं. त्याचा हात थांबला. चेहरा उतरला, आणि मग... मला तो क्षण अजून आठवतो... तो हसला. तेच पहिल्या दिवसाचं छान हसू.

"काळजी करू नकोस. मी घेतो सांभाळून. सांगतो तिला, की मुळात फाइलच चुकीची आली होती. तुझ्यावर काही येणार नाही."

"पुन्हा तेच?"

"अग, तिला वाईट वाटू नये म्हणून—"

"मी अकरा वर्षांची होते," मी म्हटलं. हे मी कुणाला सांगत नाही. "आई इस्पितळात होती. घरातले सगळे म्हणायचे, बरी होतेय, रविवारी घरी येईल. मी रविवारी चांगला फ्रॉक घालून दारात बसायचे. पाच रविवार बसले. सगळ्यांना माहीत होतं, मला सोडून. मला वाईट वाटू नये म्हणून." जबडे गप्प होते. "आणि हे सगळं माहीत असून मी तुझ्याबरोबर त्या ओळी बदलल्या. कारण मला तुझ्याशेजारी बसायचं होतं. याची मला जास्त लाज वाटते."

तो उठला. "थांब ना."

"दोन मिनिटं? तुझी दोन मिनिटं मला माहीत आहेत."

मी निघाले. तो मागे आला नाही.

घरी जाऊन मी चौदाही भागांच्या मूळ ओळी परत बसवल्या. सगळं जसं होतं तसं. मग चार दिवस काहीच झालं नाही. फोन वाजला की मी बघायचे, तर कुणीतरी छापखान्यातला नाहीतर बँकेतला. ताईनं विचारलं, "उच्चार जमले का?" मी उशी तोंडावर घेतली.

पाचव्या दिवशी दुपारी तो संस्थेत आला. दाढी वाढलेली. हातात खोका नव्हता, तर हात कुठे ठेवावेत हे त्याला कळत नव्हतं.

"दुसरा भाग," तो म्हणाला. "त्याची खरी फाइल आहे का?"

"आहे."

"घेऊन येशील? आत्याला मी सांगितलंय सगळं. म्हणजे, तिला माहीतच होतं. पण मी सांगितलं. ती म्हणाली, तिथूनच पुन्हा लावा."

संध्याकाळी आम्ही तिघं त्या खोलीत बसलो. खिडकी उघडी होती, खाली कुणीतरी सायकलला हवा भरत होतं. पोपट सवयीनं आत्यांच्या शेजारच्या स्टुलावर बसला आणि घसा खाकरला.

"तू नाही," आत्या म्हणाल्या. "सव्वीस भाग वाचलेस. आज ऐक."

मी दुसरा भाग लावला. उशांना टेकलेला म्हातारा. खिडकीबाहेर फिरणारा दिव्याचा झोत. मधली मुलगी पाण्याचा पेला घेऊन येते आणि दारातच थांबते. मोठी तिच्याकडे बघते, काहीतरी बोलते. आणि त्या घोगऱ्या, दमलेल्या आवाजानं, ना कमी ना जास्त, वाचलं :

*बाबा पहाटे गेले. तुला उठवलं नाही.*

पोपट हलला नाही. पुढच्या दोन ओळी वाचून झाल्या, तिसरी झाली. मग त्याच्या खांद्यांना काहीतरी व्हायला लागलं. "मलाही नव्हतं उठवलं," तो म्हणाला. आवाज त्याचा वाटत नव्हता. "आतोबा गेले तेव्हा. तू मला उठवलं नाहीस, आत्या."

"नाही उठवलं," आत्या म्हणाल्या. "आदल्या दोन रात्री तू जागा होतास. मला वाटलं, झोपू दे. चुकलं माझं."

त्यांनी हात पुढे केला. तो अंदाजानं त्याच्या डोक्यावर पडायच्या ऐवजी कानावर पडला, आणि तिथेच राहिला. तो रडला. दोन वर्षांचं. मी टीव्ही थांबवला आणि स्वयंपाकघरात जाऊन उगाच तीन कप धुतले, कोरडे केले, पुन्हा धुतले.

बऱ्याच वेळानं तो मला जिन्यापर्यंत सोडायला आला. डोळे सुजलेले, नाक लाल. इतका कुरूप तो मला कधी दिसला नव्हता, आणि माझा पाय निघत नव्हता.

"काही सांगायचंय," तो म्हणाला. "गोड न करता सांगतो. मध्ये बोलू नकोस."

"नाही बोलत."

"मी सोमवारी जातोय. वर्षभर तरी. दर रविवारी येता येणार नाही. महिन्यातून एकदा जमलं तर जमलं. मला फोनवर बोलायला आवडत नाही. पगार बेताचा आहे. आणि पहिल्या दिवशी तू मला आवडली नव्हतीस. फार आखडू वाटलीस."

"टॉवेल डोक्यावर घेऊन?"

"टॉवेल डोक्यावर घेऊन. कप डावीकडे सरकवला त्या दिवशी..." तो थांबला. शब्द शोधत होता, आणि पहिल्यांदाच त्याला पटकन सापडत नव्हते. "तेव्हापासून तू आवडतेस. आता खूप. लोकांना बरं वाटावं म्हणून बोलायची मला सवय आहे. ती एकदम जाणार नाही. पण तुझ्याशी नाही बोलणार तसं. वाईट असलं तरी खरं सांगेन."

"झालं?"

"झालं."

"मग माझंही ऐक. मला वाट बघायला येत नाही. लहानपणापासून. मी चिडेन, फोन आपटेन, आत्यांकडे तुझ्या चहाड्या करेन." मी एक पायरी वर चढले, तेव्हा कुठे त्याच्या उंचीला आले. "पण बघेन. वाट."

त्यानं माझा हात हातात घेतला. त्याच्या बोटांना प्लास्टरची बारीक पांढरी पूड कायम चिकटलेली असते. ती माझ्या तळव्याला लागली. वरून आत्यांचा आवाज आला, "तिसरा भाग कुणी लावणार आहे का, की मी झोपू?"

तो सोमवारी गेला. बसच्या खिडकीतून त्यानं तोंड उघडलं, "लवकर ये—" म्हणाला, आणि थांबला. मग म्हणाला, "सतरा तारखेला येतो. संध्याकाळी."

त्या महिन्यात मी आणि आत्यांनी उरलेली मालिका पाहिली. दर दोन-चार दिवसांनी त्याचा फोन यायचा. खोली दमट आहे. मुकादम खडूस आहे. आज तुझी आठवण आली, काल आली नव्हती, कामच इतकं होतं. मी प्रत्येक वेळी चिडायचे, आणि फोन ठेवल्यावर ते शब्द मनात पुन्हा पुन्हा घोळवायचे.

सोळाला दुपारी त्याचा फोन आला.

"उद्या जमत नाही," तो म्हणाला. "रजा मिळाली नाही. एकोणीसला सकाळी पोचतो. बसला उशीर होतो इथून, तेव्हा नऊ सांगितले तर साडेदहा धर."

मी सतरासाठी नवा कुर्ता काढून ठेवला होता. इस्त्री करून, खुर्चीच्या पाठीवर. मी "बरं" म्हणून फोन आपटला, कुर्त्याकडे बघत बसले, आणि मला इतकं रडू आलं की ताई धावत आली.

"काय झालं ग? काय म्हणाला?"

"येत नाहीये म्हणाला," मी सांगितलं, आणि रडता रडता मला हसू फुटलं. "आदल्या दिवशी सांगितलं, ताई. आदल्याच दिवशी."

एकोणीसला मी नऊ वाजताच स्टँडवर गेले. बस अकराला आली.